हरणाऱ्यास दिलेलें मत

निवडणूक जवळ आली म्हणजे गांवच्या पारावर एक बोलणें हमखास ऐकूं येतें. कोणी एखाद्या गरीब पण सचोटीच्या उमेदवाराचें नांव काढतो. सर्वजण माना डोलावतात. मनुष्य चांगला आहे ह्याविषयीं कोणाचें दुमत नसतें. मग एक जाणता गृहस्थ म्हणतो, "सर्व खरें, पण तो निवडून येणार नाहीं. मत फुकट कां घालवावयाचें?" एवढें झालें कीं चर्चा संपते, आणि त्या चांगल्या मनुष्याचें नांव पुन्हां कोणी काढीत नाहीं. ह्या लहानशा बोलण्यांत नीतीचा एक मोठा प्रश्न दडलेला आहे. जो निवडून येण्याचा संभव नाहीं त्यास मत देणें हें कर्तव्य आहे, कीं व्यर्थ हट्ट आहे, कीं प्रसंगीं तो अपराधहि होऊं शकतो? ह्या प्रश्नाचा आज आम्ही वाचकांबरोबर शांतपणें विचार करूं इच्छितों.

ह्या कामीं अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांच्या इतिहासाइतका बोधप्रद इतिहास क्वचितच दुसरा सांपडेल. तेथें दर चार वर्षांनीं राष्ट्राध्यक्षाची निवडणूक होते. डेमोक्रॅटिक व रिपब्लिकन हे दोन मोठे पक्ष एकमेकांशीं झुंजतात, आणि दीडशें वर्षांहून अधिक काळ अध्यक्षपद ह्या दोहोंच्या बाहेर गेलेलें नाहीं. तरीहि प्रत्येक वेळीं तिसरा, चवथा, पांचवा उमेदवार उभा राहतोच, आणि त्यास मत देणारे हजारों, कधीं कधीं लाखों लोकहि निघतातच. हे लोक वेडे आहेत काय? तसें म्हणण्यापूर्वीं तेथील निवडणुकीची रीत थोडी समजून घेतली पाहिजे.

अध्यक्षाची निवड लोकांच्या एकंदर मतांवरून होत नाहीं. प्रत्येक संस्थानास कांहीं ठराविक निर्वाचक नेमून दिलेले असतात. आज त्यांची एकंदर संख्या ५३८ असून निवडून येण्यास त्यांपैकीं २७० मिळावे लागतात. मेन व नेब्रास्का हीं दोन संस्थानें सोडलीं तर इतर सर्व ठिकाणीं ज्यास सर्वांत अधिक मतें पडतील त्याच्या पदरांत त्या संस्थानाचे सगळेच निर्वाचक पडतात. दुसऱ्यास व तिसऱ्यास कांहींच मिळत नाहीं. ह्याचा परिणाम कसा होतो तें पाहा. १९९२ सालीं रॉस पेरो नांवाच्या धनाढ्य व्यापाऱ्यास शंभरांतील जवळजवळ १९ मतें पडलीं, परंतु निर्वाचक एकहि मिळाला नाहीं. उलट १९६८ सालीं जॉर्ज वॉलेस ह्यास शंभरांत १३ कीं १४ मतें पडलीं असतां ४६ निर्वाचक मिळाले, कारण त्याचें बळ दक्षिणेंतील पांच संस्थानांत एकवटलेलें होतें. सगळ्या तालुक्यावर पडलेली भुरभुर एकाहि विहिरीस पाणी आणीत नाहीं. पण एकाच शिवारांत कोसळलेली सर ओढा वाहविते. तसाच हा प्रकार आहे. शिवाय कोणासहि निर्वाचकांचें बहुमत न मिळाल्यास निवड लोकप्रतिनिधींच्या सभेकडे जाते, व तेथें लहानमोठ्या प्रत्येक संस्थानास एकच मत असतें. १८२४ सालच्या निवडणुकींत असें झालें, आणि ज्या अँड्र्यू जॅक्सनास अधिक मतें पडलीं होतीं तो मागें राहून जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स अध्यक्ष झाला. ह्या सर्वांवर भर म्हणजे मतपत्रिकेवर नांव यावें ह्यासाठीं प्रत्येक संस्थानाचे नियम निराळे. लहान पक्षाची पुष्कळशी शक्ति व पैसा मतदारांच्या सह्या गोळा करण्यांतच खर्च होतो.

मोरिस द्युव्हर्जे ह्या फ्रेंच पंडितानें १९५१ सालच्या आपल्या ग्रंथांत असा सिद्धांत मांडिला कीं, जेथें एकाच फेरींत ज्यास अधिक मतें तो विजयी अशी रीत असते, तेथें हळूहळू दोनच पक्ष उरतात. कारण लोक तिसऱ्याकडे पाहून पारावरील त्या गृहस्थासारखेंच बोलूं लागतात. तेव्हां हिशेब त्या गृहस्थाच्या बाजूचा आहे हें आम्ही मोकळ्या मनानें कबूल करितों. परंतु पुढें काय होईल एवढेंच हिशेब सांगतो. आपण काय करावें हें तो सांगत नाहीं. त्यासाठीं एका मनुष्याची गोष्ट सांगितली पाहिजे.

जेम्स बर्नी हा केंटकी संस्थानांत १७९२ सालीं जन्मला. तो सधन घराण्यांतला, वकील, आणि स्वतः दासांचा मालक होता. पुढें त्याच्या मनास टोंचणी लागली. मनुष्यानें मनुष्य विकत घ्यावा हें पाप आहे अशी त्याची खात्री झाली, तेव्हां त्यानें आपल्या ताब्यांतील दासांस मुक्त केलें व ओहायो संस्थानांतील सिनसिनाटी शहरीं दास्यविरोधी वर्तमानपत्र काढिलें. १८३६ सालीं जमावानें त्याचा छापखाना मोडून टाकिला. त्या काळीं दोन्ही मोठे पक्ष, डेमोक्रॅटिक व व्हिग, ह्या विषयावर तोंड उघडण्यास भीत असत, कारण दोघांनाहि दक्षिणेंतील मतें पाहिजे होतीं. मंडळ्यांची स्थितीहि फारशी निराळी नव्हती; मेथडिस्ट मंडळी १८४४ सालीं व बॅप्टिस्ट मंडळी १८४५ सालीं ह्याच प्रश्नावरून दुभंगली. अशा वेळीं कांहीं लोकांनीं लिबर्टी नांवाचा पक्ष स्थापून १८४० सालीं बर्नीस अध्यक्षपदासाठीं उभें केलें. देशांत सुमारें २४ लाख मतें पडलीं. त्यांत बर्नीचीं सुमारें ७,००० होतीं. लोक हंसले.

१८४४ सालीं तो पुन्हां उभा राहिला, आणि ह्या वेळीं मात्र कोणी हंसलें नाहीं. डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार जेम्स पोक हा दासांचा मालक असून, टेक्सस प्रांत संयुक्त संस्थानांत सामील करावा असें उघड म्हणत होता. टेक्सस आला म्हणजे दास्याचें क्षेत्र वाढणार हें सर्वांस दिसत होतें. व्हिग पक्षाचा हेन्‍री क्ले हाहि दासांचा मालकच. परंतु टेक्सस तत्काळ जोडण्यास त्याचा विरोध होता, जरी दक्षिणेंतील मतांच्या लोभानें त्यानें पुढें आपले शब्द मऊ केले. म्हणजे एकीकडे मोठें वाईट, दुसरीकडे लहान वाईट, आणि तिसरीकडे ज्याच्या अंगीं हा दोष नाहीं पण ज्यास विजयाचीहि आशा नाहीं असा बर्नी. न्यू यॉर्क संस्थानांत पोक हा क्लेच्या पुढें सुमारें ५,१०० मतांनीं गेला. त्याच संस्थानांत बर्नीस सुमारें १५,८०० मतें पडलीं होतीं. न्यू यॉर्कचे ३६ निर्वाचक पोकास मिळाले. ते क्लेस मिळते तर क्ले अध्यक्ष होता. पोक अध्यक्ष झाला, १८४५ सालीं टेक्सस दास्यासह सामील झाला, आणि १८४६ सालीं मेक्सिकोशीं युद्ध सुरू झालें.

वाचकहो, येथें क्षणभर थांबा. दास्याचा सर्वांत अधिक तिटकारा ज्यांस होता, त्यांच्याच मतांनीं दास्याचा प्रसार करणाऱ्यास गादीवर बसविलें, असें म्हणण्यास जागा आहे कीं नाहीं? इलिनॉय संस्थानांतील एका तरुण व्हिग वकिलास तसेंच वाटलें. त्यानें १८४५ च्या आक्टोबरांत एका परिचितास पत्र लिहून हाच मुद्दा मांडिला. न्यू यॉर्कमधील दास्यविरोधी लोकांनीं क्लेस मत दिलें असतें तर टेक्सस सामील झाला नसता. चांगलें व्हावें म्हणून वाईट करूं नये हें तत्त्व त्यांनीं पुढें केलें खरें, परंतु वाईटाचा विस्तार थांबविण्यासाठीं दिलेलें मत वाईट कसें म्हणावें, आणि झाडाची पारख फळावरूनच होते ना, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता. त्या वकिलाचें नांव अब्राहाम लिंकन.

लिंकनाचा हा युक्तिवाद हलका नाहीं, आणि जे कोणी आपल्या हातांच्या शुद्धतेचा अभिमान वाहतात त्यांनीं तो पुन्हां पुन्हां वाचावा. कारण अशा वेळीं आपण शुद्ध राहतों, पण त्या शुद्धतेची किंमत कोण देतो? न्यू यॉर्कच्या मतदारास कोणी चाबकानें मारणार नव्हतें. टेक्ससच्या कापसाच्या शेतांत जो उभा होता त्यास मताचा अधिकारच नव्हता, आणि किंमत त्यानें दिली. स्वतःच्या मनाचें समाधान दुसऱ्याच्या पाठीवर विकत घ्यावें हें कोणत्याहि नीतिशास्त्रांत बसणारें नाहीं.

परंतु आतां दुसरी बाजूहि ऐकली पाहिजे. बर्नीचे लोक म्हणत: दोन्ही पक्ष दासमालकांस उभें करितात, कारण आमचीं मतें आपल्याला मिळणारच हें त्यांस ठाऊक आहे. जोंवर आम्ही लहान वाईट निवडीत राहूं तोंवर दर वेळीं आमच्यापुढें दोन वाईटेंच ठेविलीं जातील, आणि लहान वाईट वर्षोगणती मोठें होत जाईल. जो दुकानदार जाणतो कीं हें गिऱ्हाईक कोठेंहि जाणार नाहीं, तो त्यास चांगला माल कशाला देईल? हाहि युक्तिवाद हलका नाहीं, आणि पुढील इतिहासानें त्यास बळकटी दिली.

मेक्सिकोच्या युद्धांत मिळालेल्या विस्तीर्ण प्रदेशांत दास्य असावें कीं नसावें ह्या प्रश्नानें जुने पक्ष आंतून फुटूं लागले. १८४८ सालीं फ्री सॉइल नांवाचा तिसरा पक्ष निघाला. त्यास सुमारें २,९१,००० मतें, म्हणजे शंभरांत १०, पडलीं. परंतु ध्यानांत ठेवा कीं त्याची मागणी लिबर्टी पक्षाहून कमी होती. दास्य नष्ट करा असें तो म्हणत नसे. नव्या प्रदेशांत तें पसरूं देऊं नका एवढेंच म्हणे. मतें चाळीसपट झालीं, पण वचन पातळ झालें. १८५४ सालीं रिपब्लिकन पक्ष जन्मास आला, व्हिग पक्ष मोडून पडला, आणि १८६० सालीं चार उमेदवारांच्या लढतींत शंभरांत ४० हून थोडीं कमी मतें मिळवून ३०३ पैकीं १८० निर्वाचकांच्या बळावर तोच लिंकन अध्यक्ष झाला. लिबर्टी पक्षांत ज्यानें ओहायोमध्यें काम केलें होतें तो सामन चेस लिंकनाचा अर्थमंत्री झाला व पुढें सरन्यायाधीश झाला. १८६५ सालीं राज्यघटनेच्या तेराव्या दुरुस्तीनें दास्य कायमचें उठलें. बर्नी १८५७ सालींच मरण पावला होता. ह्यांतलें कांहींच त्याच्या दृष्टीस पडलें नाहीं. ह्या मुक्तीचा गौरव आपल्याकडेंहि झाला: जोतीराव फुले ह्यांनीं १८७३ सालीं "गुलामगिरी" हें पुस्तक प्रसिद्ध केलें, तें दास्यविमोचनाचें काम करणाऱ्या अमेरिकेंतील सज्जनांस अर्पण केलें आहे.

मग १८४४ च्या त्या १५,८०० लोकांचें बरोबर होतें कीं चूक? त्यांचें मत नसतें तर कदाचित् टेक्सस लांबला असता. त्यांचा पक्ष नसता तर कदाचित् पुढील पक्षहि निघाला नसता. एक हिशेब त्यांच्या विरुद्ध जातो, दुसरा त्यांच्या बाजूनें. पण पुढील युद्धांत सहा लाखांहून अधिक सैनिक मेले तें कोणाच्या खात्यावर मांडावें? हा जमाखर्च मनुष्याच्यानें होण्यासारखा नाहीं. म्हणून केवळ फळ पाहून मताची नीति ठरवूं जाणें आम्हांस सुरक्षित वाटत नाहीं. मत टाकतांना फळ कोणाच्याच हातीं नसतें. त्या वेळीं आपल्या हातीं असतो तो हेतु, असते ती माहिती, आणि असतें तें त्या मतामागचें काम. ह्या तिहींवरून परीक्षा केली पाहिजे.

आमच्या समजुतीप्रमाणें मत एकाच वेळीं दोन कामें करितें. तें निवड करितें, आणि तें साक्ष देतें. राज्य कोणाच्या हातीं जावें हें निवड ठरविते. काय न्याय्य आहे हें साक्ष सांगते. ज्यास केवळ निवड दिसते तो शेवटीं बलवानाचा शेपूट होतो. ज्यास केवळ साक्ष दिसते तो स्वतःच्या पुण्याईवर प्रेम करूं लागतो. दोन्ही कामांची जाणीव ठेवून जो मत देतो तोच खरा नागरिक.

साक्षीचें मत व्यर्थ जात नाहीं ह्याचीं उदाहरणें पुष्कळ आहेत. १८९२ सालीं शेतकऱ्यांच्या पॉप्युलिस्ट पक्षाच्या जेम्स वीव्हर ह्यास दहा लाखांहून अधिक मतें व २२ निर्वाचक मिळाले. उत्पन्नाच्या मानानें चढता कर असावा व सीनेटचे सभासद लोकांनींच निवडावे ह्या गोष्टी त्या पक्षानें मागितल्या होत्या. पक्ष लयास गेला. परंतु १९१३ सालीं प्राप्तीवरील कर व सीनेटची लोकनियुक्ति ह्या दोन्ही गोष्टी घटनेंत दाखल झाल्या. बेल्व्हा लॉकवूड ही विदुषी १८८४ व १८८८ सालीं अध्यक्षपदासाठीं उभी राहिली. कायद्यानें तिला उभें राहतां येत होतें, पण बहुतेक ठिकाणीं स्त्रियांस मत देतां येत नव्हतें. तो अधिकार राष्ट्रभर १९२० सालीं मिळाला. युजीन डेब्स हा मजुरांचा पुढारी पांच वेळां उभा राहिला. १९२० सालीं तर युद्धाविरुद्ध भाषण केल्याबद्दल तो अटलांटाच्या तुरुंगांत कैदी होता, आणि तरी नऊ लाखांहून अधिक लोकांनीं त्यास मत दिलें. नॉर्मन टॉमस ह्यानें प्रेस्बिटेरियन पाळक म्हणून आपल्या कामास आरंभ केला होता. तो १९२८ पासून १९४८ पर्यंत सहा वेळां उभा राहिला व सहाहि वेळां पडला. पण वृद्धांस वेतन व बेकारांस साह्य ह्या ज्या गोष्टी त्याचा पक्ष मागत होता, त्या १९३५ सालीं दुसऱ्याच पक्षानें कायद्यांत आणिल्या. शेतांत पेरणारा एक आणि कापणारा दुसरा असें पुष्कळदां घडतें. म्हणून पेरणी फुकट गेली असें कोणी म्हणत नाहीं.

परंतु येथें दोन इशारे दिल्याशिवाय आम्हांस पुढें जातां येत नाहीं.

पहिला इशारा असा कीं, थोड्यांची बाजू म्हणून ती न्यायाची बाजू असतेच असें नाहीं. वर ज्या वॉलेसचें नांव आलें तो काळ्या व गोऱ्या लोकांनीं शाळेंत व समाजांत वेगळेंच राहावें ह्या मताचा कैवारी म्हणून प्रसिद्ध झाला होता. दोन्ही मोठ्या पक्षांस बहुमत मिळूं द्यावयाचें नाहीं आणि मग सौदा करावयाचा असा त्याचा डाव होता. तो साधला नाहीं. तोहि हरणारा उमेदवार होता, त्याचे अनुयायीहि आपणांस तत्त्वनिष्ठच म्हणवीत होते. हरण्यांत कांहीं पावित्र्य नाहीं. बर्नीस मोठेपणा आला तो त्याच्या पराभवानें नव्हे. ज्या कामासाठीं तो पराभूत झाला त्या कामानें आला.

दुसरा इशारा असा कीं, चांगल्या कामासहि निराळा पक्ष हाच एक मार्ग नसतो. मद्यपानबंदीचें उदाहरण घ्या. १८६९ सालीं प्रोहिबिशन पक्ष निघाला. १८८४ सालीं त्याच्या जॉन सेंट जॉन ह्यास न्यू यॉर्कमध्यें सुमारें २५,००० मतें पडलीं, आणि ग्रोव्हर क्लीव्हलंड तें संस्थान व त्याबरोबर अध्यक्षपद अवघ्या हजार अकराशें मतांनीं जिंकून गेला. रिपब्लिकन लोक सेंट जॉनवर फार संतापले. परंतु दारूबंदी शेवटीं घडवून आणिली ती प्रामुख्यानें ह्या पक्षानें नव्हे, तर अँटी-सलून लीग ह्या संस्थेनें. तिनें स्वतःचा उमेदवार उभा केला नाहीं. कोणत्याहि पक्षाचा असो, जो दारूविरुद्ध मत देण्याचें वचन देईल त्यास ती मंडळ्यांमंडळ्यांतून पाठिंबा मिळवून देई, व जो वचन मोडील त्यास पाडी. १९१९ सालीं घटनेची दुरुस्ती मंजूर झाली. पण १९३३ सालीं ती रद्दहि झाली; कारण कायदा बदलला तरी पुष्कळांचीं मनें बदललीं नव्हतीं. कायदा मिळविण्याच्या घाईंत मनें मिळविण्याचें काम मागें पडलें म्हणजे असें होतें.

ह्या प्रश्नाची धार आजहि बोथट झालेली नाहीं. २००० सालीं फ्लोरिडा संस्थानांत जॉर्ज बुश हा अल् गोरच्या पुढें अवघ्या ५३७ मतांनीं ठरला, आणि त्या एका संस्थानावर अध्यक्षपद अवलंबून होतें. त्याच ठिकाणीं ग्राहकांच्या हितासाठीं जन्मभर झगडलेला राल्फ नेडर तिसरा उभा होता. त्यास ९७,४८८ मतें पडलीं. त्याच्या मतदारांस अजून दोष दिला जातो. ह्या दोषांत तथ्य आहे. नेडरकडे गेलेल्यांपैकीं पुष्कळ जण गोरच्या अधिक जवळचे होते. पण दोष देणाऱ्यांनीं हेंहि पाहावें कीं फरक इतका बारीक होता कीं तेथील अगदीं लहान उमेदवारांसहि त्याहून अधिक मतें पडलीं होतीं. आणि मत हें कोणत्याहि पक्षाची वडिलोपार्जित जमीन नव्हे कीं तें दुसऱ्यानें बळकाविलें म्हणतां यावें. मत मतदाराचें आहे. तें मागावयाचें असतें व मिळवावयाचें असतें. मात्र तें आपलें आहे म्हणूनच त्याची जबाबदारीहि आपली आहे.

तर मग आमचा निष्कर्ष काय? कोणास मत द्या हें सांगणें आमचें काम नव्हे. परंतु ज्याची हरण्याची खात्री आहे अशास मत देऊं पाहणाऱ्यानें स्वतःस तीन प्रश्न विचारावे असें आम्हांस वाटतें. पहिला: जे दोघे निवडून येण्याजोगे आहेत त्यांच्यांतील भेद माझ्या दृष्टीनें नव्हे, तर गावांतील सर्वांत दुबळ्या मनुष्याच्या दृष्टीनें किती आहे? तो भेद त्याच्या भाकरीचा किंवा जिवाचा असेल तर माझी साक्ष मी त्याच्या पदरचें देऊन देत आहें. दुसरा: ज्या कामासाठीं मी हें मत देतों त्यासाठीं मी निवडणुकीच्या दिवसाशिवाय आणखी कांहीं केलें आहे काय? बर्नीनें छापखाना गमावला, घरदार सोडिलें. त्याचें मत त्या कामाचा शेवटला अक्षर होतें. ज्याचें सगळें काम एका शिक्क्यांत संपतें त्याची साक्ष हलकी आहे. तिसरा: परिणाम वाईट झाल्यास तो माझ्याहि खात्यावर आहे असें म्हणण्याची माझी तयारी आहे काय? ह्या तिहींचें उत्तर देऊन जो तिसऱ्यास मत देतो त्याचें मत फुकट गेलें असें आम्ही म्हणणार नाहीं.

आणि जो नेहमीं जिंकणाऱ्याकडेच जातो त्यासहि एक प्रश्न आहे, व तो अधिक कठीण आहे. लहान वाईट म्हणून ज्यास तूं निवडिलेंस, त्यास दुसऱ्या दिवशीं सकाळीं तूं काय सांगितलेंस? मत देऊन जो पांच वर्षें गप्प बसतो त्यानें लहान वाईट निवडिलें नाहीं. त्यानें वाईटास मोकळीक दिली. लिंकनाचें मोठेपण ह्यांत आहे कीं तो १८४५ सालच्या युक्तिवादावरच बसून राहिला नाहीं. व्हिग पक्ष निकामी झाला तेव्हां त्यानें तो सोडिला, आणि ज्यांस पूर्वीं दोष दिला होता त्यांच्या वाटेनेंच तो पुढें गेला.

कांहीं अडचण रीतीनेंच उत्पन्न केलेली आहे, आणि ती रीतीनें दूरहि करितां येते. मतदारानें एकच नांव न लिहितां पहिली पसंती, दुसरी पसंती असा क्रम लावावा, आणि पहिला पडला तर तें मत दुसऱ्याकडे जावें, अशी पद्धति आस्ट्रेलियांत १९१८ सालापासून आहे. मेन संस्थानानें अध्यक्षाच्या निवडणुकींत ती २०२० सालीं प्रथम चालविली. आपल्या देशाच्या राष्ट्रपतीची निवडहि पसंतीच्या क्रमानेंच होते. १९६९ सालीं दुसऱ्या पसंतीचीं मतें मोजल्यावरच व्ही. व्ही. गिरी निवडून आले. ह्या रीतींत साक्ष व निवड हीं दोन्ही कामें एकाच मतपत्रिकेवर करितां येतात, व सदसद्विवेकबुद्धीस शिक्षा होत नाहीं. अशी सुधारणा सर्वत्र होईल तेव्हां होवो. तोंवर हा भार मतदाराच्याच मनावर आहे.

शेवटीं पुन्हां त्या पारावर येऊं. तो चांगला मनुष्य निवडून येणार नाहीं असें जो म्हणाला तो खोटें बोलला नाहीं. पण तो कां येणार नाहीं? प्रत्येकजण दुसऱ्याकडे पाहून तेंच म्हणत आहे, हें एक कारण. आणि मागील निवडणुकीपासून आजपर्यंत त्या मनुष्यासाठीं कोणी चार घरें हिंडलें नाहीं, हें दुसरें. पहिल्या कारणावर आपला एकट्याचा इलाज चालत नाहीं. दुसऱ्यावर चालतो, आणि त्यास निवडणुकीची वाट पाहावी लागत नाहीं.